गोष्टीवरून वृंदगान रचताना

प्राथमिक शाळेत गोष्ट सांगणे आणि गाणे म्हणवून घेणे ही दोन्ही कामे रोजचीच आहेत. परंतु ती सहसा एकमेकांना भेटत नाहीत. गोष्ट भाषेच्या तासाला होते, गाणे परिपाठाच्या वेळी किंवा स्नेहसंमेलनाच्या तयारीत होते. क्वचित एखादा उत्साही शिक्षक गोष्टीवरून गाणे करावयास घेतो, तेव्हा तो बहुधा एकच मार्ग धरतो. गोष्टीतील घटना आरंभापासून शेवटापर्यंत यमके जुळवून कडव्यांत बसवावयाच्या, एखाद्या परिचित गाण्याची चाल घ्यावयाची आणि सर्व वर्गाकडून ती एका सुरात म्हणवून घ्यावयाची. अशी गाणी मुले आनंदाने म्हणतात, हे खरे. पण तीच गोष्ट शिक्षकाने नुसती तोंडी सांगितली असती तर ती अधिक मनाला भिडली असती, असेही ऐकणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही. यमकासाठी गोष्ट वाकवावी लागते, चालीसाठी ती घाईने पुढे न्यावी लागते. आणि चाळीस मुले एकत्र गात असूनही त्या चाळीस जणांनी एकत्र का गावे, याचे उत्तर गाण्यात कोठेच सापडत नाही.

गोष्ट सांगण्यास एक मनुष्य पुरतो. ती अनेकांनी मिळून गावयाची, तर ते अनेक जण त्या गोष्टीत कोण असतात? वृंदगान, म्हणजे पुष्कळ आवाजांनी मिळून गावयाची मोठी रचना, करावयास बसणाऱ्याने चालीच्याही आधी या प्रश्नाचा विचार करावयास हवा. एका संगीतकाराने एका प्रसिद्ध गोष्टीच्या बाबतीत याचे जे उत्तर शोधले, ते शिक्षकांच्या कामी येण्याजोगे असल्याने येथे जरा विस्ताराने दिले आहे.

गोष्ट डेन्मार्कमधील लेखक हान्स क्रिश्चन अँडरसन (१८०५–१८७५) याची आहे. आगकाड्या विकणारी मुलगी मराठी रूपांतरांमुळे पुष्कळ शिक्षकांच्या ओळखीची असेल. १८४५ साली एका वार्षिक पंचांगाच्या संपादकाने अँडरसनकडे तीन चित्रे पाठविली आणि त्यांपैकी कोणत्याही एकावर गोष्ट लिहून मागितली. अँडरसनने निवडलेले चित्र लुंडबी या चित्रकाराचे होते. त्यात आगकाड्या घेऊन उभी असलेली एक गरीब मुलगी होती. त्या वेळी अँडरसन ग्रॉस्टेन येथे एका सरदाराच्या वाड्यात पाहुणा म्हणून राहिला होता. म्हणजे ही गोष्ट लिहिली गेली ती उबेत बसून. परंतु विषय त्याला परका नव्हता. त्याचा बाप जोडे शिवीत असे, आई लोकांचे कपडे धूत असे. आईला तिच्या लहानपणी आईबापांनी भीक मागावयास घराबाहेर काढले होते; तिला कोणापुढे हात पसरवेना, म्हणून ती दिवसभर एका पुलाखाली रडत बसून राहिली, ही हकीकत त्याने आत्मचरित्रात नोंदविली आहे.

गोष्ट अगदी लहान आहे. वर्षाचा शेवटचा दिवस, संध्याकाळ, बर्फ पडत आहे. एक लहान मुलगी उघड्या डोक्याने आणि अनवाणी रस्त्याने चालली आहे. घरून निघताना तिच्या पायांत आईच्या सपाता होत्या. पण त्या फार मोठ्या असल्याने दोन गाड्यांपुढून रस्ता ओलांडताना निसटल्या. एक सापडली नाही, दुसरी एका मुलाने पळविली. तिच्या जुन्या ओच्यात आगकाड्या आहेत. या आगकाड्या आजच्यासारख्या पेटीत भरलेल्या नव्हत. जुडी बांधून विकावयाच्या आणि भिंतीवर घासल्या तरी पेटणाऱ्या अशा त्या काड्या होत्या. (वर्गात गोष्ट सांगताना एवढे स्पष्ट केले नाही, तर मुलगी भिंतीवर काडी कशी ओढते हे मुलांस समजत नाही.) दिवसभरात कोणी एकही जुडी घेतली नाही, कोणी एक पैसाही दिला नाही. घरी जावे तर बाप मारील, आणि घरही तितकेच थंड. दोन घरांमधल्या कोपऱ्यात ती अंग चोरून बसते आणि ऊब यावी म्हणून एक काडी ओढते. उजेडात तिला लोखंडी शेगडी दिसते. दुसऱ्या काडीच्या उजेडात भिंत पारदर्शक होऊन आतले मांडलेले जेवण दिसते. तिसऱ्या काडीत नाताळचे झाड. त्यावरचे दिवे वर वर जाऊन तारे होतात. एक तारा तुटतो. तारा तुटला म्हणजे कोणीतरी देवाघरी जाते, असे तिला आजीने सांगितलेले असते. चौथ्या काडीत ती मरून गेलेली आजीच दिसते, आणि आजी नाहीशी होऊ नये म्हणून मुलगी उरलेली सगळी जुडी पेटविते. सकाळी कोपऱ्यात तिचे गारठलेले प्रेत लोकांना दिसते. जळक्या काड्या पाहून लोक म्हणतात की, हिला ऊब हवी होती. तिने काय पाहिले हे त्यांना ठाऊक नसते.

या गोष्टीत खलपुरुष नाही. बाप मारील अशी भीती आहे, पण तो गोष्टीत येत नाही. सपात पळविणारा मुलगा खोडकर आहे, एवढेच. मुलगी मरते ती थंडीने, आणि थंडीला वाट करून देतात ते रस्त्याने जाणारे लोक. ते वाईट काहीच करीत नाहीत. ते चालत राहतात. अँडरसनने त्यांचे वर्णन केलेले नाही, त्यांना चेहरा दिलेला नाही. सकाळी मात्र त्यांच्या तोंडी थोडेसे शब्द घातले आहेत.

अमेरिकन संगीतकार डेव्हिड लँग (जन्म १९५७) याने या गोष्टीवर जी रचना केली, तिचे नाव ‘द लिटल मॅच गर्ल पॅशन’. ती २५ ऑक्टोबर २००७ रोजी न्यूयॉर्क येथे कार्नेगी हॉलच्या वास्तूत प्रथम गायिली गेली. गाणारे होते पॉल हिलियर यांच्या मार्गदर्शनाखालील ‘थिएटर ऑफ व्हॉइसेस’ हे पथक. २००८ साली रचनेस संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि पुढे लँगने ती मोठ्या गायकवृंदासाठीही करून दिली. नावातील ‘पॅशन’ या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे, कारण रचनेची सारी युक्ती तेथे आहे. पॅशन म्हणजे येशू ख्रिस्ताच्या यातना व मृत्यू यांचे आख्यान. ख्रिस्ती उपासनेत गुड फ्रायडेच्या सुमारास हे आख्यान गाण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध रचना योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराची. मत्तयाच्या शुभवर्तमानावर आधारलेली ही रचना १७२७ साली लाइपझिग येथील चर्चमध्ये प्रथम सादर झाली असे मानले जाते. बाखच्या मृत्यूनंतर ती विस्मृतीत गेली. १८२९ साली वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने बर्लिन येथे ती पुन्हा लोकांपुढे आणली.

बाखच्या रचनेची घडण आपल्याकडील शिक्षकांना समजावयास अवघड नाही, कारण तिच्याशी मिळतीजुळती गोष्ट आपण गावोगावच्या देवळांत ऐकत आलो आहो. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात. आख्यान सरळ पुढे जात नाही. कथा रंगात आली की बुवा थांबतात, एखादी साकी किंवा दिंडी म्हणतात, अभंग घेतात, श्रोत्यांकडून नामघोष करवितात आणि मग पुन्हा कथेस लागतात. कथेस जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ या थांबण्यास लागतो. आणि अनुभवी श्रोता येतो तो त्या थांबण्यासाठी, कारण हरिश्चंद्राचे पुढे काय झाले हे त्याला पाठच असते. बाखचेही तसेच आहे. एक गायक शुभवर्तमानातील कथा सांगतो, येशूचे शब्द दुसरा गायक गातो. मध्येच कथा थांबते आणि एखादे पद येते, किंवा त्या काळच्या उपासकांना ठाऊक असलेल्या चालीवरचे स्तोत्र येते. मग कथा पुढे सुरू.

वृंदाचे काम मात्र कीर्तनातील टाळकऱ्यांपेक्षा किंवा पोवाड्यातील झीलकऱ्यांपेक्षा निराळे आहे. झीलकरी शाहिराच्या बोलण्यास दुजोरा देतात. ते नेहमी शाहिराच्या बाजूचे असतात. बाखचा वृंद बाजू बदलतो. तोच वृंद एका क्षणी येशूला वधस्तंभावर चढवा म्हणून ओरडणारा जमाव असतो आणि दुसऱ्या क्षणी त्या कृत्याने व्यथित झालेली उपासकांची मंडळी होतो. सर्वांत स्पष्ट उदाहरण शेवटच्या भोजनाच्या प्रसंगाचे आहे. तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, असे येशू सांगतो. शिष्य घाबरून, तो मी तर नव्हे ना, असे विचारतात. बाखने हा प्रश्न वृंदाच्या निरनिराळ्या आवाजांत मोजून अकरा वेळा घातला आहे. शिष्य बारा; बारावा, ज्याने विचारावयास हवे तो, त्या घोळक्यात विचारीत नाही. आणि लागलीच पुढच्या क्षणी तोच वृंद उपासकांच्या नात्याने संथ स्तोत्र गातो, त्याचा आशय असा की तो अपराधी मीच आहे. कथेतील प्रश्न पूर्वीच्या लोकांनी विचारला, उत्तर आज गाणाऱ्यांनी दिले. अनेकांनी मिळून का गावयाचे, हा प्रश्न या ठिकाणी पुन्हा उपस्थित होतच नाही.

लँगने बाखचे संगीत घेतले नाही. ही घडण घेतली आणि तिच्या मध्यभागी येशूच्या ठिकाणी आगकाड्या विकणाऱ्या मुलीला बसविले. शब्द त्याने स्वतः जुळविले. अँडरसनच्या गोष्टीच्या १८७२ सालच्या इंग्रजी भाषांतरावरून कथेचे भाग, आणि बाखच्या रचनेसाठी पिकांडर या कवीने लिहिलेली पदे व मत्तयाचे शुभवर्तमान यांवरून थांबण्याचे भाग. एकंदर पंधरा भाग आहेत. दुसरा, चौथा, सहावा असे सम क्रमांकाचे सात भाग गोष्ट सांगतात; विषम क्रमांकाचे आठ भाग गोष्ट थांबवितात. म्हणजे रचना थांबण्याने सुरू होते आणि थांबण्यानेच संपते. अकराव्या भागात तर शुभवर्तमानातील येशूच्या मृत्यूचे वर्णन जवळजवळ जसेच्या तसे आहे. दुपारी सर्व देशावर अंधार पडतो आणि तिसऱ्या प्रहरी ईश्वराला मारलेली हाक ऐकू येते. फरक एवढाच की हाक मारणारा ‘तो’ नसून ‘ती’ आहे. एका सर्वनामाच्या बदलाने रस्त्यावरील पोरीचे मरण जगाच्या इतिहासातील एका महान मरणाच्या पंक्तीस जाऊन बसते. शाळेत व्याकरण शिकविणाऱ्यांना सर्वनामाचे इतके सामर्थ्य क्वचितच दाखविता येत असेल.

मग लँगच्या रचनेतील वृंद कोण आहे? रस्त्याने चालत गेलेले लोक. गोष्टीत ज्यांना चेहरा नाही, ज्यांनी वळून पाहिले नाही, ते येथे गातात. गोष्टीच्या भागांत ते घडलेले सांगतात आणि थांबण्याच्या भागांत तिची क्षमा मागतात, तिच्यापाशी बसून रडतात. गोष्टीतील लोकांना सकाळी जे समजले नाही ते त्यांना समजले आहे, पण उशिरा. मुलीची भूमिका एखाद्या गायिकेस दिलेली नाही. पात्रे वाटून न देता सर्व जण मिळून तिची हकीकत गातात. मूळ रचनेत गाणारे अवघे चार आहेत. वाद्यवृंद नाही. त्या चौघांच्याच हातांत काही साधी आघातवाद्ये आहेत: मोठा ढोल, घुंगरांसारख्या बारीक घंटा, धातूच्या पट्ट्या, आणि मोटारीच्या चाकातील ब्रेकचा लोखंडी ड्रम. रुळाचा तुकडा टांगून त्याची घंटा करणाऱ्या शाळांना या शेवटच्या वाद्याचे नवल वाटावयास नको. सुमारे पस्तीस मिनिटांच्या या रचनेत मोठा आवाज फारसा नाही. शब्द तुटक येतात, अडखळतात, एकाचा शब्द दुसरा उचलतो आणि पुन्हा म्हणतो. कडाक्याच्या थंडीत दात वाजत असता मनुष्य बोलतो तसे. एका भागात धीर धरण्यास सांगणारा एकच शब्द पुन्हा पुन्हा घोळविला आहे. त्या कोपऱ्यात गारठत बसलेल्या मुलीला धीर धरावयास सांगणे म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यावयाचे.

शेवट लँगने बदलला नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, मुलांसाठी काढलेल्या काही आवृत्त्यांत तो बदललेला आढळतो. कोणी दयाळू माणूस येतो, मुलीला घरी नेतो आणि सर्व गोड होते. मुलांच्या मनाला त्रास होऊ नये हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु तो दयाळू माणूस आला की रस्त्यावरच्या बाकी सर्वांची सुटका होते. त्यांच्याविषयी मग काहीच विचारावयाचे उरत नाही, आणि वृंदालाही गाण्यासारखे काही राहत नाही.

आता खेड्यातील शाळेकडे वळू. लँगची रचना आपल्या शाळांत बसवावयाची नाही. ती कसलेल्या गायकांसाठी आहे, भाषा परकी आहे आणि तिच्यामागील उपासनापरंपरा बहुतेक मुलांच्या ओळखीची नाही. अँडरसनची गोष्ट मात्र घेता येईल. पण ती घेताना एक नेहमीची चूक टाळावयास हवी. संमेलनात अशी गोष्ट बसवावयाची ठरली की मुलीच्या भूमिकेसाठी वर्गातील एखादी किरकोळ अंगाची, फाटक्या फ्रॉकची मुलगी निवडली जाते, कारण तिला वेषभूषा करावी लागत नाही. सारे गाव टाळ्या वाजविते. त्या मुलीला घरी जाताना काय वाटते, हे कोणी विचारीत नाही. लँगची युक्ती येथे उपयोगी पडते. मुलगी कोणीच होऊ नये. सर्व वर्गाने रस्त्यावरचे लोक व्हावे. ज्याच्या पायांत बूट आहेत तो आणि ज्याच्या पायांत काही नाही तो, दोघेही एकाच रांगेत उभे राहून एकच ‘आम्ही’ म्हणतील.

तथापि आरंभ करावयास अँडरसनपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. चिऊकाऊची गोष्ट पहिलीतील मुलालाही येते. पाऊस येतो, कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते. चिमणीचे मेणाचे घर शाबूत राहते. भिजलेला कावळा चिमणीचे दार ठोठावतो आणि ती आतून, बाळाचे हे व्हावयाचे आहे, ते व्हावयाचे आहे, असे सांगून त्याला थांबवीत राहते. ही गोष्ट आपण हसतखेळत सांगतो. थोडे थांबून पाहिले तर तीही थंडीत दाराबाहेर ठेवलेल्या जिवाची गोष्ट आहे. चिमणी दुष्ट नाही. तिला खरोखरच बाळाचे काम आहे. दाराबाहेर कोणाला किती वेळ थांबवून ठेवतात, हे खेड्यातील मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. आणि वृंदगानाच्या दृष्टीने पाहता या गोष्टीची अर्धी रचना आजीबाईंनीच करून ठेवली आहे. ठोठावणे आणि थांबविणे, पुन्हा ठोठावणे आणि पुन्हा थांबविणे, असे तिचे ठिकठिकाणी तुकडे पडलेलेच आहेत.

येथे वृंद कोण? सर्व वर्ग घरात बसलेला आहे, असे समजावे. सर्व मिळून चिमणी. कावळा कोणालाही करू नये. वर्गातील काळ्यासावळ्या मुलाला एकदा कावळ्याचे काम दिले की ते नाव त्याला वर्षभर चिकटते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. कावळा फक्त ऐकू यावा. दाराच्या फळीवर किंवा बाकावर मुठीने तीन ठोके, एवढाच त्याचा आवाज. ठोके देणारा मुलगा वृंदाच्या मागे, श्रोत्यांना न दिसेल असा उभा करावा.

कथा सांगण्यास दोन-तीन मुले पुरेत. त्यांनी ती गद्यातच सांगावी, यमके जुळवू नयेत. वाटल्यास सर्व वाक्ये एकाच सुरावर म्हणावी, म्हणजे ती बोलण्यापेक्षा निराळी आणि गाण्यापेक्षा सोपी होतील. थांबण्याच्या जागा वृंदाच्या. तेथील शब्द शिक्षकांनी स्वतः लिहू नयेत. मुलांना विचारावे की, बाहेर कोणीतरी उभे आहे हे ठाऊक असूनही आपण उठलो नाही, असे कधी झाले होते काय? उत्तरे हळूहळू येतील. प्रथम कोणी बोलणार नाही, मग एक जण कुत्र्याच्या पिलाचे सांगेल, दुसरा धाकट्या भावाचे. ती वाक्ये फळ्यावर लिहावी आणि प्रत्येक वाक्याचा आरंभ ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ने करावा. ‘आम्हांला ठोठावणे ऐकू आले होते’, ‘आम्ही म्हटले, थोडे थांब’, ‘आमचे पांघरूण गरम होते’, इतकी साधी वाक्ये पुष्कळ झाली. एका थांब्यास एक वाक्य. ते चार-पाच वेळा म्हणावयाचे असल्याने लांब असून चालत नाही, आणि जे वाक्य पाच वेळा म्हटल्यावर पोकळ वाटू लागते ते गाळावे. लँगनेही मोठी पदे कापून थोडक्या शब्दांवर आणली आहेत.

सुरांच्या बाबतीत आपल्याकडे एक अडचण नेहमी येते. पाश्चात्य वृंदगानात निरनिराळे आवाज एकाच वेळी निरनिराळे सूर गातात. आपल्या शाळांत सर्व मुले एकाच सुरात गातात. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. अर्ध्या वर्गाने तोंड मिटून षड्ज धरून ठेवावा, तंबोऱ्यासारखा, तोच पाऊस. उरलेल्या अर्ध्यांनी सा, रे, ग एवढ्याच स्वरांत वाक्य म्हणावे. वाक्य पक्के झाले की गाणाऱ्यांचे पुन्हा दोन गट करावे आणि दुसऱ्या गटाने दोन शब्द मागून सुरुवात करावी. शब्द एकमेकांवर चढतात, अडखळल्यासारखे होतात आणि स्वरलेखन न शिकविता वृंदगानाचा भास होतो. दोन गटांना समोरासमोर उभे केल्यास ते एकमेकांना ओढून नेतात. पाठीला पाठ लावून उभे केल्यास आपापल्या जागी राहतात. पट्टी मुलांच्या गळ्यास जमेल अशी घ्यावी. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीने काळी एक धरतात आणि मग मुले एकतर खर्जात पुटपुटतात किंवा वरच्या सप्तकात किंचाळतात. काळी चार किंवा पाच त्यांना सोपी जाते. हार्मोनियम नसलेल्या शाळेत ज्या मुलीचा आवाज स्थिर आहे तिने प्रथम षड्ज द्यावा आणि बाकीच्यांनी तो घ्यावा. पावसाचा आवाज तळहातावर बोटे आपटून उत्तम होतो: आधी एक बोट, मग दोन, मग चार. रुळाची घंटा एकदाच, घर वाहून जाते तेथे वाजवावी. दुसऱ्यांदा वाजविण्याचा मोह होईल, तो आवरावा.

सर्व मिळून आठ-दहा मिनिटांपेक्षा मोठे करू नये. चार थांबे पुरतात. पहिला थांबा घरातील सुखाचा असल्याने तो जरा जोमाने आणि ठेक्यात गावा. मुले तेथे हसली तरी हरकत नाही. नंतरच्या प्रत्येक थांब्यास एकेक शब्द कमी करीत जावे आणि दोन ठोक्यांमधले अंतर वाढवीत जावे. चौथ्या थांब्यास ‘थांब’ एवढा एकच शब्द उरतो. तो षड्जावर, हळू, आणि एकामागून एक मुलाने म्हणावा. या ठिकाणी सभागृहातील हसणे आपोआप बंद होते. न झाल्यास चाल फार जलद झाली आहे असे समजावे.

राहिला शेवट. या गोष्टीचा शेवट घरोघर निराळा सांगतात. कोठे चिमणी अखेर दार उघडते आणि कावळ्याला चुलीपाशी बसविते. कोठे कावळा तापलेल्या तव्यावर बसतो आणि त्याला चटका बसतो. कोठे गोष्ट ठोठावण्यातच संपते आणि तोवर ऐकणारे मूल झोपी गेलेले असते. वर्गात कोणता घ्यावयाचा, हे मुलांबरोबर बसून ठरवावे आणि चाल बांधण्यापूर्वी ठरवावे. दार उघडावयाचे असेल तर ते कोणी आणि कोणत्या शब्दानंतर उघडावयाचे; उघडावयाचे नसेल तर शेवटच्या तीन ठोक्यांनंतर वृंदाने किती वेळ गप्प उभे राहावयाचे; आणि तेवढ्या वेळात पाऊस चालू ठेवावयाचा की थांबवावयाचा. मुले यावर पुष्कळ भांडतील. त्यांना दोन दिवस भांडू द्यावे. तोवर पेटी कपाटातच राहिली तरी बिघडत नाही.